चालता खांब

बार्तोमेउचा गुडघा ऐन उत्सवाच्या तोंडावर गेला आणि फोंतमोरेरा गावात एकच चर्चा सुरू झाली, की यंदा खांब चालवणार कोण.

खांब म्हणजे एकावर एक उभी चार माणसं. गावचं पथक मनोरे पुष्कळ लावतं, पण ते चौकात एका जागी लागतात आणि तिथेच उतरतात. खांब चालतो. चर्चच्या पायऱ्या उतरतो, दोरवाल्यांच्या गल्लीतून वाट काढतो आणि नगरपालिकेच्या सज्जाखाली येऊन थांबतो. मग सगळ्यात वरचं पोर सज्जात पाय टाकतं आणि लोकांकडे वळून हात उंचावतं. ज्या वर्षी तो हात वर जात नाही त्या वर्षी द्राक्षं आंबट निघाली तरी लोक खांबाच्या नावाने खडे फोडतात. या सगळ्याच्या तळाशी जो चालतो तो पाया. त्याला फरशीखेरीज काही दिसत नाही. आजूबाजूला हात लावून चालणारे चार-सहाजण असतात, पण वजन त्याचं एकट्याचं. बार्तोमेउने ते इतकी वर्षं वाहिलं होतं की बाजारातही लोक त्याला 'पाया' म्हणूनच हाक मारत.

"तर मग?" सरावाच्या शेडमध्ये फेलिऊने सगळ्यांवरून नजर फिरवली. फेलिऊ पथकाचा प्रमुख. "कोण राहणार उभं?"

त्याने विचारायचं म्हणून विचारलं होतं. त्याचा पुतण्या ओलेगेर दंड चोळत आधीच दोन पावलं पुढे येऊन उभा होता, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून माना डोलवत होते.

"मी," मागून आवाज आला.

माना वळल्या. मागे रेमेई उभी होती. बाजारात मांसाचं दुकान चालवणारी, एकतीस वर्षांची, बुटकी, रुंद, मानेपासून खांद्यापर्यंत एका तुकड्याची. रोज सकाळी अर्धं डुक्कर खांद्यावर टाकून ती गाडीपासून दुकानातल्या आकड्यापर्यंत नेते आणि वाटेत चार जणांची विचारपूसही करते. पथकात ती लहानपणापासून होती, पण नेहमी गर्दीत, बाहेरून हात लावणाऱ्यांत.

 मग हसणं सुरू झालं.

"रेमेई, डुक्कर वाहणं वेगळं आणि माणसं वाहणं वेगळं," ओलेगेर म्हणाला.

"फरक आहे खरा," रेमेई म्हणाली. "डुक्कर तोंड बंद ठेवतं."

आता हसणं ओलेगेरवर उलटलं आणि त्याचे कान लाल झाले. फेलिऊने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो दुष्ट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे. त्याची सहा वर्षांची नात ब्रुना यंदा खांबाच्या टोकावर चढणार होती, आणि त्याची झोप त्या एका विचाराने उडाली होती.

"बाई पाया झालेली मी पाहिली नाही," तो म्हणाला.

"मग आता बघा."

"बघायला मला काही नाही. पण तुझ्या खांद्यावर पाय द्यायला कोण तयार आहे ते आधी बघ. नार्सिस, तू चढतोस हिच्यावर?"

नार्सिस गावचा न्हावी. दुसरा थर तोच द्यायचा. सडपातळ आणि एरवी अखंड बोलणारा. तो आता आपल्या चपलांकडे बघू लागला.

"रेमेई, राग मानू नकोस," तो शेवटी म्हणाला. "मला दोन पोरं आहेत."

"मग त्यांना विचारून ये."

"तसं नाही गं..."

"कळलं कसं आहे ते," रेमेई म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला. पाया ओलेगेर. फेलिऊने टाळी वाजवली आणि सराव सुरू झाला.

या पथकातल्या बायका आज थरावर थर चढतात. पण त्याची सुरुवात कुणी केली हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रेमेईची आई एन्ग्रासिया. ती पथकाचे शर्ट शिवायची. वांगी रंगाचे शर्ट, दुहेरी शिवणीचे. बायकांनी शर्ट शिवायचे, कमरेचे कापडी पट्टे इस्त्री करायचे आणि चौकात लांब उभं राहून छातीवर हात ठेवायचा, अशी तेव्हाची रीत होती. एका वर्षी तिसऱ्या थराचा माणूस मनगट मोडून बसला आणि एन्ग्रासिया स्वतःच्या मापाचा शर्ट घालून चौकात आली. तिला बघून खालचे निम्मे पुरुष हात काढून निघून गेले. उरलेल्यांच्या खांद्यांवर पाय देत ती चढली. समोरच्या माडीवरून कुणीतरी ओलं फडकं फेकून मारलं आणि ओरडलं, "भांडी घास जा!" मनोरा पूर्ण लागला, पूर्ण उतरला. खाली आल्यावर एन्ग्रासियाने ते फडकं उचललं, त्याने घाम पुसला आणि सावकाश घडी घालून खिशात ठेवलं.

ही गोष्ट ऐकत रेमेई मोठी झाली. लहानपणी तिला वाटायचं की आपणही वर जाणार, सगळ्यात वर, आईपेक्षा वर. पण सातव्या वर्षीच तिचा बांधा असा भरला की वरच्या पोरांचे शिक्षक तिला बघून हात जोडू लागले. "हिला गर्दीत उभी करा," ते म्हणाले. तेव्हापासून गावातली झाडून सगळी माणसं तिच्याकडे बघून जराशी हळहळत. एन्ग्रासियाची मुलगी, आणि बघा. हे 'आणि बघा' रेमेईला कधी कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण ऐकू तिला रोज यायचं. मग कधीतरी, नक्की कधी हे तिलाही सांगता आलं नसतं, गर्दीत दुसऱ्याच्या पाठीला हात लावून उभी असताना तिचं लक्ष वर जायचं बंद झालं. ती पायाकडे बघू लागली. बार्तोमेउच्या पोटऱ्या, त्याची मान, दातांत धरलेली शर्टाची कॉलर. हे माझं आहे, असं तिला वाटलं. आई वर गेली, मी खाली जाईन. ते स्वप्न तिने इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं आणि आता सांगितलं तर सगळे हसले होते.

त्या दुपारी ती दुकान लवकर बंद करून घरी आली. एन्ग्रासिया स्वयंपाकघरात ब्रेडच्या कापांवर टोमॅटो चोळत होती. साठी उलटली होती, तरी अजून काटकुळी आणि ताठ.

"आई, तू फेलिऊशी बोल," रेमेई म्हणाली. "तुझं ऐकतात सगळे."

"माझं आता ऐकतात. मी आता चढत नाही म्हणून ऐकतात." एन्ग्रासियाने कापांवर तेलाची धार सोडली. "जेव्हा चढत होते तेव्हा विचारायला हवं होतंस."

"म्हणजे बोलणार नाहीस?"

"नाही."

रेमेईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "इतकी वर्षं तुझी गोष्ट ऐकतेय मी. लोक येऊन मला सांगतात, तुझ्या आईने काय हिंमत दाखवली, तुझ्या आईचं स्वप्न किती मोठं. आणि तुझ्या स्वतःच्या पोरीसाठी एक शब्द टाकायला..."

"तुला ती गोष्ट लोकांनी सांगितली. मी सांगते आता. बस." एन्ग्रासियाने ताटली तिच्यापुढे सरकवली. "दुसऱ्या थरावर पोचले आणि माझे पाय लटपटायला लागले. खालून माणसं निघून चालली होती, पायाखाली सगळं हलत होतं. मी मनात म्हटलं, उतरावं. खरंच म्हटलं. झालं तेवढं पुष्कळ झालं. एक पाय खाली सोडलासुद्धा होता. तेवढ्यात ते फडकं आलं आणि थाडकन मानेवर बसलं. असा राग आला मला! मी पाय वर घेतला आणि चढले."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला ऐकायचं होतं? सगळ्यांना हिंमत हवी होती. स्वप्न होतं ना, लहानपणापासून होतं. पण त्या मिनिटाला ते कुठे जाऊन बसलं होतं कुणास ठाऊक. रागच तेवढा जवळ होता."

रेमेईने ब्रेडचा घास घेतला नाही. "मग मी काय करू?"

"मला बोलवायला कुणी आलं नव्हतं. तुला येतील असं तुला का वाटतं? आणि मी केलं तसं करायला जाऊ नकोस. तसं केलंस तर वर चढशील, आणि वर तुझं काय काम आहे?"

"टोमणा मारतेस?"

"टोमणा नाही गं, बये. तुझे खांदे बघ. माझे कधी असे होते? खा आता."

रेमेई न खाताच उठली आणि दुकानात जाऊन संध्याकाळपर्यंत हाडं तोडत बसली. आईचा तिला इतका राग आला होता की शेजारच्या मासळीवालीने आपलं फळकूट जरा लांब सरकवलं.

पण दुसऱ्या सकाळी ती डुक्कर खांद्यावर घेऊन नेहमीच्या वाटेने गेली नाही. गाडी चर्चपाशी थांबवायला सांगितली, कॉलर दातांत धरली आणि अर्धं डुक्कर घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरली, दोरवाल्यांच्या गल्लीतून सज्जाखाली आली, आणि तिथून बाजारात. तिसऱ्या दिवसापर्यंत गावाला नवीन करमणूक मिळाली. लोक कॉफीचे कप घेऊन दारात उभे राहू लागले.

"रेमेई, डुकराला तीर्थयात्रा घडवतेस का?" बेकरीवाला ओरडला.

तिला उत्तर देता येत नव्हतं. कॉलर सोडली की शर्ट सैल पडतो, आणि खांद्यावर जे असेल ते कापडासकट घसरतं. वर माणूस असेल तर त्याचा पाय घसरतो. पायाला म्हणूनच तोंड नसतं. ती तशीच पुढे गेली, डुक्कर आकड्याला लटकावलं, हात धुतले, मग मुद्दाम परत येऊन बेकरीच्या दारात उभी राहिली.

"हो, तीर्थयात्रा," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा भाविक आहे ते."

उत्सवाच्या दिवशी दुपारी ऊन असं तापलं होतं की चर्चच्या पायऱ्यांवर अंडं फोडलं असतं तर शिजलं असतं. चौक, गल्ली, माड्या, सगळीकडे माणसंच माणसं. सनईवाले पायऱ्यांच्या कडेला उभे होते. रेमेई आपल्या नेहमीच्या जागी होती, हात लावून चालणाऱ्यांत, उजव्या बाजूला. मागे तिची आई. एन्ग्रासिया चढत नसली तरी खांबाच्या मागे चालायचा आपला हक्क तिने कुणाला दिला नव्हता.

ओलेगेरने कॉलर दातांत धरली. नार्सिस त्याच्या खांद्यावर चढला, नार्सिसवर केराल्त नावाची कॉलेजातली मुलगी, आणि सनई सुरू झाली तशी शिरस्त्राण घातलेली ब्रुना सगळ्यांच्या पाठीवरून खारीसारखी सरसरत टोकाला पोचली. खांब हलला. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. माणूस ताकदीचा होता, त्यात शंका नव्हती.

माडीवर ओलेगेरचे व्यायामशाळेतले दोस्त बसले होते. त्यांतला एक ओरडला, "ओलेगेर, ते खाटकिणीचं डुक्कर बरं चालत होतं रे!"

आणि ओलेगेरने उत्तर दिलं. एकच शब्द, तो इथे लिहिण्यासारखा नाही. पण तो बोलायला तोंड उघडावं लागलं, कॉलर सुटली, शर्ट खांद्यावरून सरकला आणि त्याच्यासोबत नार्सिसचा डावा पाय. खांब कण्हल्यासारखा एका बाजूला झुकला. खाली सगळ्यांनी मान खाली घालून पाठी घट्ट केल्या. मनोरा कोसळला की या गावात 'सरपण झालं' म्हणतात, आणि त्या क्षणी सगळ्यांच्या मनात तेवढा एकच शब्द होता.

"खाली!" फेलिऊ ओरडला. "खाली, ब्रुना, खाली!"

प्रमुखाने खाली म्हटलं की खाली. ब्रुना घसरत उतरली, मग केराल्त, मग नार्सिस लंगडत. कुणाला फारसं लागलं नाही. ओलेगेर पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं. "काका, माझ्याने होणार नाही," तो म्हणाला. "माझे पाय गेले."

खांबाला दुसरा प्रयत्न करता येतो. पण फेलिऊचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. त्याने नातीला कडेवर उचलून घेतलं आणि सनईवाल्यांकडे बघून हात हलवला. "यंदा खांब नाही," तो म्हणाला. "संपलं."

माड्यांवरून नाराजीचा आवाज उतरला. लोक पांगायला लागले. आणि रेमेईला तेव्हा जाणवलं की आपल्याला राग आलेला आहे. हसणाऱ्यांचा नाही, ओलेगेरचाही नाही. ती रिकामी जागा समोर होती, तिच्या मापाची, आणि सगळं गाव तिच्याकडे पाठ करून घरी जेवायला निघालं होतं.

ती पायऱ्या चढून वर गेली. कमरेचा काळा पट्टा सैल झाला होता, तो तिने पूर्ण सोडला. हा पट्टा एकट्याला बांधता येत नाही. एकाने टोक ताणून धरायचं आणि दुसऱ्याने स्वतःभोवती गिरक्या घेत त्यात गुंडाळून घ्यायचं. तिने टोक पुढे केलं तेव्हा ते कुणाकडे करतोय हे बघितलंही नाही. आईने धरलं. एन्ग्रासियाने टाचा रोवल्या आणि असा ताणला की रेमेईच्या बरगड्या करकरल्या. 

मग रेमेई वरच्या पायरीवर, जिथून खांब निघतो तिथे, गुडघे जरा वाकवून उभी राहिली. कॉलर दातांत. मान खाली. खांदे मोकळे.

"रेमेई, बाजूला हो," फेलिऊ म्हणाला.

ती हलली नाही.

"मी संपलं म्हटलं ना?"

पांगणारे लोक थांबले. कुणीतरी शीळ घातली. "अगं, चढायला शिडी पाठवू का?" एक जण ओरडला. "नुसती रुंदी असून भागत नाही!" दुसरा. "आई सडसडीत आणि लेक बघा!" हा आवाज बाईचा होता आणि तो सगळ्यांत जास्त लागला. प्रत्येकाला द्यायला तिच्याकडे उत्तर होतं, चांगलं झणझणीत, जिभेच्या टोकावर. ती कॉलर चावत राहिली. घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात वर केला असता तर खांदा हलला असता, म्हणून तिने तोही तसाच राहू दिला. तिला फक्त फरशी दिसत होती आणि फरशीवर आपले स्वतःचे बूट. किती वेळ झाला ते तिला कळेना. कुणी चढलं नाही तर आपण कधी हलायचं, हे तिने ठरवलंच नव्हतं.

उजवीकडून एक हात येऊन तिच्या कमरेला लागला. मोठा हात. ओलेगेरचा.

"नार्सिस," ओलेगेर म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "चढ की रे."

"मला सांगतोस? तूच पाडत होतास मला आत्ता," नार्सिस म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय. ही तोंड उघडणार नाही."

नार्सिस फेलिऊकडे बघत होता आणि फेलिऊ कुणाकडेच बघत नव्हता. हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. "माझी नात वर असते," तो एवढंच पुटपुटला.

"आजोबा, मला खाली ठेवा," ब्रुना म्हणाली. "मी लहान आहे का कडेवर घ्यायला?"

नार्सिसने सुस्कारा सोडला. "एवढा वेळ मी दुकानात गिऱ्हाइकालासुद्धा ताटकळत ठेवत नाही," असं म्हणून त्याने रेमेईच्या पट्ट्यावर एक पाय दिला.

त्याचं वजन आलं. डावा खांदा, मग उजवा. मग आणखी आलं, केराल्तचं. सनई सुरू झाली तेव्हा रेमेईला कळलं की पोर चढतंय. खालच्या माणसाला वरचं सगळं सनईतूनच कळतं. सूर ताणला गेला, थांबला, आणि सगळं वजन जागच्या जागी बसलं. तिला रडू यावं असं झालं. इतकी वर्षं जड, जड म्हणून ऐकत आलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याएवढं जड काही दिलं होतं.

ती चालली.

पायऱ्या उतरताना गुडघ्यांनी तक्रार केली नाही. डुकरासोबत त्या तिने इतक्या वेळा उतरल्या होत्या की तिच्या पायांना प्रत्येक झिजलेली कड माहीत होती. पण डुक्कर जिवंत नसतं. नार्सिस श्वास घ्यायचा तेव्हा तिला त्याचा श्वास आपल्या मानेत जाणवत होता, आणि त्याच्यावर दोघींचे.  नुसती सनई आणि ताशा, आणि बाजूने ओलेगेर हळू आवाजात, "आता सपाट आहे, आता सपाट आहे."

गल्लीच्या तोंडाशी एक फरशी हलती होती. तिच्यावर रोज गाड्या जायच्या, तिच्याकडे कुणी बघायचं नाही. रेमेईचा पाय पडला, फरशी तिरकी झाली आणि तिचा गुडघा लचकला. खांब वरपासून खालपर्यंत शहारला. बायका किंचाळल्या.

"खाली!" फेलिऊचा आवाज फाटला होता. "ब्रुना, खाली ये! खाली!"

रेमेई थांबली. नियम तसा होता. पाया थांबतो, पोर उतरतं, मग बाकीचे. तिचा गुडघा जळत होता, पण तो धरून होता, हे तिला कळत होतं. मी ठीक आहे, असं सांगायला दोन शब्द पुरले असते आणि ते दोन शब्द बोलणं शक्य नव्हतं. ती पोराचे पाय खाली यायची वाट बघत राहिली.

पाय आले नाहीत.

"मी नाही उतरत!" वरून बारीक आवाज आला.

"ब्रुना!"

"आजोबा, तुम्ही ओरडू नका. तुम्ही ओरडलात की हलतं!"

गल्लीत कुणीतरी खदकन हसलं. रेमेईच्या पाठीवर आईचे हात होते. ते ढकलत नव्हते आणि अडवतही नव्हते. उभं राहून वजन पेलणं चालण्यापेक्षा वाईट असतं. गुडघ्यात आग चढत होती, आणि जे पोर उतरत नाही ते उतरेपर्यंत थांबायचं तर सरपणच होणार होतं. तिने एकदा श्वास घेतला आणि पाय उचलला.

"रेमेई! मी खाली म्हटलंय!"

तिने दुसरा पाय उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तिने पथकाच्या प्रमुखाचा शब्द मोडला होता आणि तिला भीती वाटली. नंतर वाटेना. गल्लीतल्या भिंती दोन्हीकडून जवळ आल्या, सनई भिंतींवर आदळून मोठी झाली. मग एकदम उजेड आला. चौक. सज्जाची सावली फरशीवर पडलेली दिसली आणि ती त्या सावलीत जाऊन थांबली.

टोकावरचं वजन निघून गेलं. मग चौकातून असा आवाज उठला की कबुतरं उडाली, आणि ब्रुनाचा हात वर गेल्याचं खाली सगळ्यांना न बघता कळलं.

केराल्त उतरली, नार्सिस उतरला. त्याने उतरताना रेमेईच्या डोक्यावर थापटलं. तिने कॉलर सोडली तेव्हा दातांच्या खुणा आरपार गेल्या होत्या. मान सरळ होईना. तिने ती हाताने वर केली, तर समोर फेलिऊ उभा होता. त्याचे डोळे लाल होते. रडून की रागाने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मी खाली म्हटलं होतं," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"मी म्हटल्यावर थांबायचं असतं. का ते तुला माहीत आहे. माझ्या डोळ्यांदेखत माणसं मोडलीत या चौकात."

"मी थांबले होते. तुमच्या नातीला विचारा."

"तिचं तिच्या आईसमोर बघतो मी. तुझं इथे." त्याने हात पुढे केला. "शब्द मोडणारा शर्ट उतरवून देतो. सगळ्यांना माहीत आहे. दे."

आजूबाजूचा गलका खाली आला. ओलेगेर काहीतरी बोलायला गेला आणि थांबला, कारण नियम खरा होता. एन्ग्रासिया लेकीच्या मागे उभी होती.  रेमेईचा गुडघा ठणकत होता. फेलिऊचं काही चूक नाही, हेही तिला कळत होतं, आणि तरी आतून कुणीतरी ठाम पाय रोवून बसलं होतं.

"देत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"देत नाही शर्ट. पुढच्या सरावाला मी येणार आहे, त्याच्या पुढच्यालाही येणार आहे. तुम्हाला मला हाकलायचं असेल तर रोज हाकला. मी रोज येईन."

फेलिऊचा हात तसाच पुढे राहिला.

उत्सव अजून संपला नव्हता. शेवटी निरोपाचा खांब लागतो, चालत नाही, सज्जासमोरच उभा राहतो आणि उतरतो. सनईवाल्यांनी ओठ ओले केले होते. हात लावणारी माणसं नेहमीच्या सवयीने गोल करून उभी राहत होती आणि तो गोल रेमेईभोवती होत होता. कुणी तसं ठरवलं नव्हतं. नार्सिसने आपला पट्टा पुन्हा घट्ट केला आणि मळलेले तळवे शर्टाला पुसले.

"रेमेई, तोंड कुठे करतेस? ऊन माझ्या डोळ्यांत नको," तो म्हणाला.

रेमेईने फेलिऊकडे पाठ केली, सज्जाकडे तोंड केलं आणि कॉलर दातांत धरली.

आता फक्त एक गोष्ट उरली होती. चढायचा हुकूम प्रमुखच देतो, दुसऱ्या कुणी दिलेला चालत नाही. सगळा चौक फेलिऊकडे बघत होता. परत खाली यायला निघालेली ब्रुना सज्जाच्या कठड्याला टांगल्यासारखी वाकून बघत होती. फेलिऊने पुढे केलेला हात हळूहळू मागे घेतला. काय करावं ते त्या हाताला सुचेना, म्हणून तो तिच्या मागे आला, एन्ग्रासियाच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने तो हात रेमेईच्या पाठीला लावला.

"चढा," तो म्हणाला. मग कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून घसा साफ करून मोठ्याने ओरडला, "चढा!"